अति-विशालकोनी झूम भिंग आणि छायाचित्ररूपी साधनांची चिकित्सा : अजिंठा व नागपूर यांच्या संदर्भात

प्रस्तावना

ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि पत्रव्यवहार या साधनांची चिकित्सा कशी करावी, याची शिस्त महाराष्ट्रातील इतिहाससंशोधकांनी फार पूर्वीच घालून दिली आहे. छायाचित्राच्या बाबतीत मात्र आपण अजूनही कमालीचे विश्वासू आहोत. ग्रंथात छायाचित्र छापले जाते, त्याखाली स्थळाचे नाव व फार तर वर्ष दिले जाते, आणि तेवढ्यावर ते पुरावा म्हणून स्वीकारले जाते. ते किती अंतरावरून व कोणत्या भिंगातून घेतले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांबरोबर २००३ नंतर प्रचारात आलेल्या अति-विशालकोनी झूम भिंगांमुळे हा प्रश्न टाळणे शक्य राहिलेले नाही. या भिंगांनी लेणी, वाडे व मंदिरे यांच्या अंतर्भागाचे चित्रण सुकर केले, परंतु त्याच वेळी त्या वास्तूंच्या आकारमानाविषयी चुकीची कल्पना रुजविण्याची सोयही करून दिली. या दोन्ही बाजूंचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साडेनऊ फुटांची अडचण

अजिंठ्याचे पहिले लेणे उदाहरणादाखल घेऊ. त्याचा सभामंडप सुमारे ६४ फूट लांब-रुंद असून वीस स्तंभांनी वेढलेला आहे. स्तंभांच्या रांगा व भिंती यांच्यामधील मार्ग सुमारे साडेनऊ फूट रुंद आहे. जगद्विख्यात भित्तिचित्रे आहेत ती या भिंतींवर. स्तंभांच्या मागे सरावे तर चित्राच्या आड स्तंभ येतात, म्हणून छायाचित्रकाराला त्या मार्गातच उभे राहावे लागते.

येथे साधे गणित उपयोगी पडते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीची रुंदी ३६ मिलिमीटर असते. त्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे सर्वसाधारण भिंग लावले, तर साडेनऊ फुटांवरून भिंतीचा जेमतेम सात फूट रुंदीचा भाग टिपता येतो. २४ मिलिमीटरच्या विशालकोनी भिंगाने तो सव्वाचौदा फूट होतो. अजिंठ्यातील कथाचित्रे भिंतीवर अखंड पसरलेली आहेत. एक प्रसंग कोठे संपतो व दुसरा कोठे सुरू होतो, हे ठरविण्यासाठी सलग भिंत पाहावी लागते. सात-सात फुटांचे तुकडे जोडून केलेल्या वाचनात प्रसंगांची परस्परसंगती हरवते, हा अनुभव जातककथांची ओळख पटविणाऱ्या कोणत्याही अभ्यासकाला अपरिचित नसावा.

या अडचणीला दीर्घ इतिहास आहे. १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी रॉबर्ट गिल याची नियुक्ती झाली. त्याच्या बहुतेक तैलप्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. दरम्यान गिल छायाचित्रणाकडे वळला होता, आणि जेम्स फर्ग्युसनच्या सहकार्याने त्याची लेण्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह पुन्हा हाताने प्रतिकृती करविल्या. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांचे 'अजिंठा' १९३० ते १९५५ या काळात चार भागांत निघाले. कॅमेरा उपलब्ध असतानाही कुंचल्याची गरज इतकी वर्षे का भासली, याचे उत्तर रंग व अंधार यांत आहेच. पण जागेच्या या तोकडेपणातही ते काही अंशी शोधावे लागेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भिंगाची वाटचाल

विशालकोनी भिंग ही डिजिटल युगाची देणगी नव्हे. अमेरिकेत हॅरिसन व श्निट्झर यांचे 'ग्लोब' भिंग १८६० नंतर लगेचच आले. १९०० मध्ये जर्मनीतील गोर्ट्झ कंपनीच्या 'हायपरगॉन' भिंगाने सुमारे १३५ अंशांचे दृष्टिक्षेत्र साध्य केले. मात्र एवढ्या रुंद कोनात चौकटीच्या कडांना प्रकाश फारच कमी पोहोचतो. त्यावर योजलेला उपाय मजेशीर होता : भिंगासमोर ताऱ्याच्या आकाराची एक चकती बसवून रबरी फुग्याच्या हवेने ती फिरवीत, म्हणजे मध्यभागाचा प्रकाश अडून कडांना तुलनेने अधिक प्रकाश मिळे.

एसएलआर कॅमेऱ्यात वेगळीच अडचण उद्भवली. भिंग व फिल्म यांच्यामध्ये हलता आरसा असतो आणि त्याला जागा लागते. अल्प नाभीय अंतराचे साधे भिंग फिल्मच्या निकट बसवावे लागत असल्याने ते आरशावर आदळते. निकॉनच्या १९५९ च्या 'एफ' कॅमेऱ्यावरील २१ मिलिमीटर भिंग लावताना आरसा वर उचलून ठेवावा लागे, म्हणजे एसएलआरचे मुख्य वैशिष्ट्यच गमवावे लागे. फ्रान्समधील आंजेन्यू कंपनीने १९५० मध्ये पुढील बाजूस अंतर्वक्र काचांचा गट योजून भिंग फिल्मपासून दूर ठेवण्याची 'रेट्रोफोकस' रचना बाजारात आणली. नंतरची बहुतेक एसएलआर विशालकोनी भिंगे याच तत्त्वावर बनली. १९७९ मध्ये सिग्मा कंपनीचे २१-३५ मिलिमीटरचे झूम भिंग आले आणि अति-विशाल कोन व झूम यांचा संयोग झाला.

डिजिटल एसएलआरच्या आगमनाने मात्र छायाचित्रकार काही काळ मागे ढकलले गेले. निकॉन डी-१ (१९९९) व त्यानंतरच्या सर्वसामान्यांना परवडणाऱ्या कॅमेऱ्यांतील संवेदक फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान, सुमारे २३.६ मिलिमीटर रुंदीचे होते. त्यामुळे जुने २४ मिलिमीटरचे भिंग या कॅमेऱ्यावर ३६ मिलिमीटरसारखे वागू लागले. लेण्याच्या मार्गात सव्वाचौदा फूट टिपणारे भिंग आता साडेनऊ फूटच टिपू लागले. ही उणीव भरून काढण्यासाठी लहान संवेदकापुरतीच खास भिंगे तयार झाली : निकॉनचे १२-२४ मिलिमीटर (२००३), कॅननचे १०-२२ मिलिमीटर (२००४), सिग्माचे १०-२० मिलिमीटर (२००५) आणि फिकट प्रकाशात विशेष उपयुक्त ठरलेले टोकिनाचे ११-१६ मिलिमीटर (२००८). साडेनऊ फुटांवरून १० मिलिमीटरचे भिंग या संवेदकावर सुमारे साडेबावीस फूट भिंत टिपते. फ्लॅशला मनाई असलेल्या अजिंठ्यात संवेदकाच्या वाढलेल्या प्रकाशग्राहकतेची जोड मिळाल्याने अभ्यासकाच्या हाती प्रथमच परवडणारे साधन आले, असे म्हणता येईल.

भिंतीशी प्रामाणिक, खोलीशी अप्रामाणिक

या भिंगांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. 'ती सर्व काही वाकडे दाखवितात' हे पहिले, आणि 'सरळ रेषा सरळच ठेवतात, म्हणून विश्वसनीय आहेत' हे दुसरे. दोन्ही अपुरी आहेत. संवेदक भिंतीला काटेकोर समांतर ठेवला, तर सपाट भिंतीवरील चित्राची प्रमाणे अशा भिंगातही जवळजवळ अचूक राहतात. किरकोळ दोष संगणकावर दुरुस्त होतात. भित्तिचित्राच्या अभ्यासकाला म्हणूनच हे भिंग वरदान आहे. परंतु विषयाला खोली असेल तर चित्र पालटते. कॅमेरा अगदी जवळ असल्याने पुढची वस्तू प्रचंड व मागची क्षुल्लक दिसते, आणि दोहोंमधील अंतर ताणल्यासारखे भासते. चौकटीच्या कडेला असलेली गोल वस्तू लांबट होते. १० मिलिमीटरवर, उजव्या वा डाव्या कडेपाशी, हा ताण सुमारे दीडपट भरतो. दीक्षाभूमीच्या स्तूपाच्या पोकळ घुमटाखाली उभे राहून काढलेल्या काही छायाचित्रांत घुमट अंड्यासारखा दिसतो, त्याचे कारण हेच. वास्तुविशारद शेओ दान मल यांच्या रचनेशी त्याचा संबंध नाही.

शास्त्रीयदृष्ट्या यथार्थदर्शन भिंग ठरवीत नाही, कॅमेऱ्याची जागा ठरविते. विशालकोनी भिंग आपल्याला इतक्या जवळच्या जागेवरूनही सर्व काही पाहू देते, एवढेच. पण वाचकासमोर येते ते पुस्तकाच्या पानावरचे चार इंचांचे चित्र, आणि ते तो हातभर अंतरावरून पाहतो. त्यामुळे दहा फुटांची खोली त्याला दरबार वाटते. घरे विकणाऱ्यांच्या जाहिरातींनी हा गुण बरोबर ओळखला आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी तो ओळखलेला दिसत नाही.

याची उलट बाजूही लक्षात घेणे आवश्यक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षा सोहळ्याची छायाचित्रे आज अमूल्य साधने आहेत. त्या काळात वृत्तछायाचित्रणात प्रचलित असलेल्या चौरस चौकटीच्या कॅमेऱ्यांचे ७५ किंवा ८० मिलिमीटरचे भिंग आडव्या दिशेने सुमारे ४० अंशांचेच क्षेत्र टिपते. मंचावरून समोर पाहणाऱ्याच्या डावीपासून उजवीपर्यंतच्या १८० अंशांपैकी हा चौथा हिस्साही नव्हे. अशा चौकटीत दिसणाऱ्या जनसमुदायाची कड ही भिंगाची कड असते, समुदायाची नव्हे. एखाद्या छायाचित्रातील डोकी मोजून त्या दिवशीच्या उपस्थितीविषयी अनुमान काढणाऱ्याने आधी हा हिशेब मांडला पाहिजे.

प्रमाणाची नोंद

वाकाटकांच्या लेखांचे संपादन करणारे नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या परंपरेत वाढलेल्यांना शिलालेखाच्या ठशाचे महत्त्व सांगावयास नको. ठसा दगडाला कागद भिडवून घेतला जातो, म्हणून तो मूळ आकाराचा असतो. छापताना तो लहान केला तर 'एपिग्राफिया इंडिका'सारख्या प्रकाशनांत किती पट लहान केला याची नोंद पत्रकाखाली आढळते. एकोणिसाव्या शतकातील सर्वेक्षणाच्या छायाचित्रांत इमारतीपुढे पुष्कळदा एखादा माणूस उभा केलेला दिसतो. त्याचे नाव कोणी लिहिले नाही, पण प्रमाण दाखविण्याचे काम त्याने केले. आपल्या महाविद्यालयांच्या प्रकल्प-अहवालांत मात्र ना प्रमाणपट्टी असते, ना माणूस. उलट 'मध्ये येऊ नका' असे सांगून माणसे दूर केली जातात.

एकच नाभीय अंतर असलेल्या जुन्या भिंगाचे नाव कळले की त्यातून काढलेल्या सर्व छायाचित्रांचे दृष्टिक्षेत्र कळत असे. झूम भिंगात प्रत्येक छायाचित्रागणिक ते बदलते. '१०-२० मिलिमीटर' एवढी नोंद दुप्पट फरकाला वाव ठेवते. डिजिटल फाइलमध्ये ही माहिती आपोआप साठविली जाते, हे खरे; पण छापील प्रत काढली की ती नाहीशी होते, आणि व्हॉट्सॲपसारख्या माध्यमातून चित्र पाठविले तरीही ती गळून पडते. २०१८ नंतर आरसारहित कॅमेरे प्रबळ झाले आणि मोबाइलमध्येही अति-विशालकोनी भिंग रुळले. तेथे तर विरूपणाची दुरुस्ती यंत्र स्वतःच करते आणि मूळ प्रतिमा वापरणाऱ्याच्या नजरेस पडतही नाही.

प्रस्तुत लेखकाचा याबाबतचा अनुभव नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. एका प्रकल्पात विद्यार्थ्यांनी नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या वाड्याचे अति-विशालकोनी भिंगाने चित्रण केले. पुढे वाडा पाडला गेला. मूळ फाइली संगणकाबरोबर गेल्या. राहिल्या चौदा छापील प्रती. एका चर्चासत्रात त्यांतील चौकाच्या छायाचित्रावरून त्या घराण्याच्या वैभवाविषयी विवेचन झाले, आणि प्रस्तुत लेखकानेही त्यास मान डोलावली. चौक पस्तीस-चाळीस फुटांचा सहज वाटत होता. नंतर प्रकल्पातील एका विद्यार्थिनीची वही हाती आली. तिने चौक पावलांनी मोजून ठेवला होता : आठ पावले रुंद, दहा पावले लांब. पाऊल सव्वादोन फुटांचे धरले तरी तो अठरा फूट बाय साडेबावीस फूट भरतो. वहीत तुळशीवृंदावनाची उंची आणि ते दारापासून किती पावलांवर होते, हेही लिहिलेले आहे. त्या आधारे चौदापैकी तीन छायाचित्रांत कॅमेरा कोठे होता, हे ठरविता आले. उरलेल्या अकरांत वृंदावन दिसत नाही; त्यांच्या मागे आता 'मापनास अयोग्य' अशी पेन्सिलीने नोंद केली आहे.