खामगाव–जालना रेल्वेमार्ग : माइनक्राफ्टमधील आखणी

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या खेळाच्या सर्व्हायव्हल मोडमध्ये दूरची दोन ठिकाणे रुळांनी जोडायची, तर आधी मोजणी, मार्गनिवड आणि साहित्याचा हिशेब करावा लागतो. त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातला प्रस्तावित खामगाव–जालना मार्ग हे फार चांगले उदाहरण आहे. खेळातला एक ठोकळा एक मीटरचा असल्यामुळे खऱ्या नकाशावरची अंतरे थेट ठोकळ्यांत मोजता येतात.

पार्श्वभूमी : मुंबई–नागपूर लोहमार्ग या जिल्ह्याच्या उत्तरेकडून, म्हणजे घाटाखालून जातो. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही त्यावरची स्थानके. खामगावच्या कापूस बाजारासाठी जलंबहून सुमारे १३ किमीचा फाटा काढण्यात आला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तो फाटा खामगावलाच संपला. पलीकडे जालन्याला १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातली मनमाड–सिकंदराबाद गाडी आली. मधला घाटावरचा मुलूख, त्यातली चिखली आणि देऊळगाव राजा ही गावे आणि खुद्द बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण रुळांपासून दूरच राहिले. दोन टोके जोडण्याची मागणी त्यामुळेच शतकाहून जुनी आहे.

अंतर : जालना खामगावच्या दक्षिणेला सुमारे ९५ किमी आणि पश्चिमेला सुमारे ७० किमी आहे. खेळात रूळ तिरपे टाकता येत नाहीत. एकच काटकोनी वळण घ्या किंवा पायऱ्यापायऱ्यांनी नागमोडी जा, रुळांची संख्या तेवढीच भरते, सुमारे १,६५,००० ठोकळे. नागमोडी मार्ग नकाशावर देखणा दिसतो, पण गाडीला ढकलणारे पॉवर्ड रूळ वळणावर बसत नाहीत. म्हणून लांब सरळ पट्टे आणि मोजकी वळणे हीच आखणी योग्य.

चढ : घाटाखालचे खामगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर, तर घाटावरची चिखली सुमारे ६०० मीटरवर आहे. खऱ्या ब्रॉडगेज मार्गाला १०० मीटरला १ मीटर हा चढही बराच मानतात. त्या हिशेबाने नुसती ही उंची गाठायला ३० किमी लागतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेची सोंड, तिच्या घळी, भराव, बोगदे हा सगळा खर्च याच आकड्यातून निघतो. खेळात मात्र रूळ दर ठोकळ्याला एक ठोकळा चढतो, त्यामुळे ३०० ठोकळ्यांत घाट संपतो. त्या चढावर पॉवर्ड रूळ दाट पेरावे लागतात, एवढेच.

खेळाची अडचण वेगळीच आहे. २०२१ च्या १.१८ आवृत्तीपासून जग उणे ६४ ते ३२० या उंचीत बसते आणि समुद्रपातळी ६३ च्या आसपास असते. खामगाव समुद्रपातळीला ठेवले, तर चिखली जगाच्या छताबाहेर जाते. खामगाव शून्याजवळ खाली घेतले, तरच दोन्ही गावे खऱ्या उंचीच्या फरकाने मावतात. ही गोष्ट पहिला रूळ टाकण्याआधीच ठरवावी लागते.

साहित्य : लोखंडाचे ६ इनगॉट आणि १ काठी यांतून १६ साधे रूळ होतात. सोन्याचे ६ इनगॉट, १ काठी आणि १ चिमूट रेडस्टोन (खेळात विजेचे काम करणारी भुकटी) यांतून ६ पॉवर्ड रूळ. सपाटीवर माणूस बसलेली गाडी पूर्ण वेगात ठेवायला साधारण दर ३८ ठोकळ्यांना एक पॉवर्ड रूळ पुरतो. म्हणजे या मार्गाला अंदाजे ६०,००० लोखंडी आणि ४,३०० सोन्याचे इनगॉट हवेत. शिवाय प्रत्येक पॉवर्ड रुळाशेजारी रेडस्टोनची मशाल. पॉवर्ड रूळ २०११ मध्ये आले. त्याआधी शेजारच्या रुळावर दुसरी गाडी ठेवून, खेळातल्या एका चुकीचा फायदा घेत वेग मिळवत.

वेळ : गाडीचा कमाल वेग सेकंदाला ८ ठोकळे. खामगावहून जालन्याला पावणेसहा तास लागतात आणि तेवढ्या वेळात खेळातले १७ दिवस-रात्र उलटतात. निळ्या बर्फावरून होडी सेकंदाला ७० हून अधिक ठोकळे जाते, म्हणून केवळ वेगासाठी कोणी रूळ टाकू नयेत.

नेदरचा मार्ग : नेदर हे खेळातले पोर्टलमधून गाठायचे दुसरे जग. तिथला एक ठोकळा वरच्या जगातल्या आठ ठोकळ्यांइतका असतो. दोन्ही टोकांना पोर्टल उभारून तिथून रूळ नेले, तर अंतर सुमारे २०,६०० ठोकळ्यांवर येते, प्रवास ४३ मिनिटांत होतो आणि साहित्य आठव्या हिश्श्यात भागते. घास्ट या तिथल्या उडत्या राक्षसाच्या अग्निगोळ्यांपासून बचावासाठी बोगदा कोबलस्टोनने मढवावा. योगायोग असा की बुलढाण्याचा सारा डोंगर ज्या बेसॉल्टचा आहे, तो खेळात नैसर्गिकरीत्या नेदरमध्येच, मुख्यतः बेसॉल्ट डेल्टात सापडतो आणि तिथली जमीन इतकी तुटक आहे की रूळ टाकायला त्याहून वाईट जागा नाही.

बहुतेक खेळाडू डोळे झाकून नेदरचाच मार्ग घेतात. या उदाहरणात तो चुकीचा आहे. खामगाव–जालना मार्गाची गरज टोकांना जेवढी आहे, त्याहून अधिक मधल्या गावांना आहे आणि नेदरमधून जाणारी गाडी चिखली, देऊळगाव राजा यांना खालून वगळून जाते. प्रत्येक गावाला वेगळे पोर्टल काढता येते, पण वाटेवरचे शेत, खडकपूर्णा नदीवरचा पूल, घाट चढताना मागे पडणारे पूर्णा नदीचे खोरे यांतले काहीच मार्गावर येत नाही. वेळ अधिक लागला तरी मार्ग वरूनच न्यावा.

जंगल : खेळात झाड तोडल्याबद्दल कोणी जाब विचारत नाही. खऱ्या आखणीत विचारतात. अकोला–खंडवा मार्गाच्या गेज रुंदीकरणात मेळघाट व्याघ्र प्रकल्प टाळून याच जिल्ह्याच्या सोनाळा–जामोद भागातून वळसा घेण्याचा पर्याय पुढे आला, तो त्यामुळेच.

स्थानके आणि मालवाहतूक : वीज नसलेला पॉवर्ड रूळ ब्रेकचे काम करतो. चिखलीला गाडी थांबवायची, तर फलाटासमोर असा एक रूळ उतारावर ठेवून शेजारी बटण लावावे. बटण दाबले की गाडी जालन्याच्या दिशेने सुटते. परतीसाठी उलट्या उताराचा दुसरा रूळ लागतो, म्हणून मधल्या स्थानकांवर मार्ग दुहेरीच ठेवावा. मालाचे मात्र जपावे. जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या तुकड्यांत जागे होते आणि जवळ खेळाडू नसला की तो तुकडा झोपतो. खामगावहून एकटी सोडलेली पेटीची गाडी जागा भाग संपताच गोठते आणि कोणी तिथवर चालत जाईपर्यंत तशीच उभी राहते. त्यामुळे मालगाडीच्या मागोमाग दुसऱ्या गाडीत माणूस बसवूनच ती रवाना करावी.