संस्थानिकांचा तनखा आणि ‘जन्माच्या सवलती’

आरक्षणाचा विषय निघाला की आम्हाला एक टोमणा हमखास ऐकावा लागतो: “जन्मावरून सरकारी पैसा कशाला?” ठीक आहे, हिशेब करूच. १९५० ते १९७१ या काळात या देशात खरोखरच निव्वळ जन्मावरून सरकारी पैसा वाटला जात होता. पण घेणारे आम्ही नव्हतो.

संस्थाने विलीन झाली तेव्हा संस्थानिकांना तनखे देण्याचे करार झाले. घटनेच्या कलम २९१ ने त्यांची हमी दिली. रक्कम थेट एकत्रित निधीतून, म्हणजे संसदेत तिच्यावर मतदानच नाही. वर प्राप्तिकर माफ! म्हैसूरच्या महाराजांना वर्षाला २६ लाख, तर सौराष्ट्रातल्या कटोडियाच्या संस्थानिकाला १९२ रुपये. रक्तपाताविना झालेल्या विलीनीकरणाची ही किंमत फार नाही, असे सरदार पटेल म्हणाले. त्या घडीला त्यात तथ्य होते. पण जे संस्थानिक सही करायला हजरही नव्हते, त्यांच्या वारसांनाही तनखा मिळतच राहिला.

आता आमचे बघा. १९५६ ला आमच्या आजोबांच्या पिढीने बाबासाहेबांबरोबर धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या लेखी ती अनुसूचित जातीत राहिली नाही. महाराष्ट्र सरकारने सवलती दिल्या, केंद्राने नाही. राजाने राज्य सोडले तरी तनखा चालू. आम्ही धर्म सोडला आणि हक्क बंद.

इथे कुणीतरी सयाजीरावांचे नाव घेतेच. बाबासाहेबांना १९१३ ला अमेरिकेला पाठवणारी शिष्यवृत्ती त्यांचीच, ते ऋण आम्ही मानतो. पण तिच्यासोबत दहा वर्षे बडोद्याची चाकरी करण्याचा करार होता, आणि १९१७ ला त्याच बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. राजा चांगला असूनही! शाहू महाराजांनी १९०२ ला मागासांसाठी निम्म्या जागा राखल्या, म्हणून ते आम्हाला आपले वाटतात. पण तोही हुकूमच होता. पुढचा राजा तो फिरवू शकला असता.

तनखे बंद करायला १९७० ला घटनादुरुस्ती आली. लोकसभेत पास झाली, राज्यसभेत एका मताने पडली. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढली. त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. अखेर निवडणूक झाली आणि १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने तनखे गेले.

बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा परत मिळाला तो १९९० ला. त्याच्यानंतर १९ वर्षांनी.