आतड्यातील सोयरे आणि पुराव्याचा प्रश्न

वैद्यकाचा इतिहास आपण बहुधा विज्ञानशाखेच्या स्वाधीन करून मोकळे होतो. परंतु औषधाने गुण आला, हे विधान मुळात एक कथाच असते. रुग्ण होता, त्याने अमुक घेतले, तो बरा झाला. 'म्हणून' हा शब्द या कथेत न उच्चारताच येऊन बसतो. त्या 'म्हणून'वर विश्वास केव्हा ठेवावा, हा प्रश्न कथनाचा अभ्यास करणाऱ्यालाही परका नाही. आतड्याच्या आरोग्यासाठी सूक्ष्मजीवांनाच हाताशी धरण्याचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे.

पहिल्या महायुद्धात हगवणीने दोन्ही बाजूंचे सैनिक हैराण होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स द'एरेल हे आजारातून उठणाऱ्या सैनिकांच्या विष्ठेची तपासणी करीत होते. हगवणीच्या जिवाणूंना विरघळवून टाकणारे, गाळणीतूनही पार जाणारे काहीतरी त्यांना तिच्यात आढळले. सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांनी ते जाहीर केले आणि त्याला 'बॅक्टेरिओफेज', म्हणजे जिवाणुभक्षक, असे नाव दिले. (इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्येच असा प्रकार नोंदवला होता.) त्याच वर्षी शत्रुपक्षात, जर्मनीत, आल्फ्रेड निसले यांनी उलट्या टोकाने शोध घेतला. सोबतचे आजारी पडले तरी जो सैनिक धडधाकट राहिला, त्याच्या विष्ठेतून त्यांनी 'ई. कोलाय' या जिवाणूचा एक वाण वेगळा केला. तो आजही औषध म्हणून वापरात आहे. आंबवलेल्या दुधातील जिवाणू आरोग्यदायी आहेत, असे मेचनिकॉफ यांनी त्याच पाश्चर संस्थेतून दहाएक वर्षे आधीच मांडले होते. 'प्रोबायोटिक' ही संज्ञा रूढ झाली ती पुष्कळ नंतर.

एकाने बरा होणारा निवडला, दुसऱ्याने आजारी न पडणारा, आणि ज्याला आपण घाण म्हणतो त्यातच दोघांना औषध दिसले. परंतु दोघांच्याही हाती होती ती कथाच. १९१९ मध्ये द'एरेल यांनी फेज आधी स्वतः घेतले, सहकाऱ्यांना दिले आणि मग पॅरिसच्या बालरुग्णालयात हगवणीने आजारी असलेल्या एका मुलाला पाजले. मुलगा बरा झाला. पण औषध न देताही तो बरा झाला असता काय? याचे उत्तर एकट्या मुलाच्या कथेत सापडणे शक्य नव्हते.

या पेचाला वाङ्मयीन रूप दिले ते सिंक्लेअर लुईस यांच्या 'अ‍ॅरोस्मिथ' (१९२५) या कादंबरीने. तिच्या शास्त्रीय बाजूसाठी लुईस यांना पॉल द क्रुइफ या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचे साहाय्य होते. कादंबरीचा नायक फेज घेऊन प्लेगने ग्रासलेल्या बेटावर जातो. निम्म्या लोकांना औषध द्यायचे, निम्म्यांना नाही, तरच सत्य कळेल, असे तो ठरवून आलेला असतो. पत्नी प्लेगने दगावते तेव्हा त्याचा निश्चय ढळतो आणि तो सर्वांनाच औषध वाटतो. प्रयोग नासतो. करुणा जिंकली की सत्य हरले, याचा निवाडा वाचकावर राहतो.

काही वर्षांतच हा पेच आपल्या भूमीवर उभा राहिला. १९२७ मध्ये द'एरेल हिंदुस्थानात आले. पटकीच्या रुग्णांना फेज देण्याचे आणि पंजाबात विहिरींत ते सोडण्याचे प्रयोग झाले. पुढे आसामात नौगाव भागात फेज वाटले गेले आणि हबीगंज तुलनेसाठी तसाच ठेवला गेला. नौगावात पटकी कमी दिसली. परंतु दोन मुलूख सारखे नव्हते आणि साथ स्वभावतःच चढते-उतरते. त्यामुळे निष्कर्ष निर्विवाद ठरला नाही. तुलनेसाठी ठेवलेल्या मुलखातील माणसांची बाजू मांडणारी कादंबरी मात्र आपल्या वाचनात नाही.

शंभर वर्षांनी दोन्ही उपाय पुन्हा याच कसोटीवर घासले गेले. ढाक्यात अतिसार झालेल्या मुलांना फेज दिले गेले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांचा अपाय झाला नाही, पण गुणही आला नाही. फेजची भूक फार नेमकी असते. त्याचे ठरलेले भक्ष्य आतड्यात पुरेसे नसेल, तर ते न वाढताच बाहेर पडते. २०१७ मध्ये ओडिशातील ४,५५६ नवजात बालकांवरील प्रयोगाचे निष्कर्ष आले. एका गटाला लॅक्टोबॅसिलस जिवाणू आणि त्यांचे खाद्य असलेली शर्करा मिळाली, दुसऱ्या गटाला औषधविरहित नक्कल. जंतुदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. हे एका वाणाचे, एका वयाचे यश आहे. दुकानातील प्रत्येक 'प्रोबायोटिक' बाटलीला ते लागू होत नाही.

याच प्रयोगातील एक तपशील महत्त्वाचा वाटतो. गुण स्पष्ट दिसताच तो ठरल्यापेक्षा आधी थांबवण्यात आला. अ‍ॅरोस्मिथला दुःखाच्या भरात जे नियम मोडून करावे लागले, ते आता नियमानेच करण्याची सोय झाली आहे. तरीही तोवर नक्कल मिळालेली बालके होतीच. पुराव्याचे ऋण आपण त्यांच्याकडूनही घेतलेले आहे.