बधिर हाताची गोष्ट

मंडळाच्या गणपतीत दर वर्षी मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "डॉक्टर, भूल देता म्हणजे नक्की काय करता हो? इंजेक्शन दिलं की तुमचं काम संपलं ना?" हातात मोदक असताना याचं उत्तर देता येत नाही. यंदा स्मरणिकेसाठी लेख द्या म्हणून संपादकांचा फोन आला, तेव्हा ठरवलं की सगळ्या भुलीबद्दल नको, एकाच सुईबद्दल लिहावं. पेशंटला जागं ठेवून फक्त त्याचा हात झोपवणाऱ्या सुईबद्दल.

हाताला संवेदना आणि ताकद देणारे पाच मज्जातंतू मानेतून निघतात. ते एकमेकांत गुंततात, सुटतात, पुन्हा गुंततात आणि कॉलर बोनच्या मागून, पहिल्या बरगडीवरून काखेत उतरतात. या गुंत्याला आम्ही ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतो. मुंबईकरांना सांगायचं तर हे दादर स्टेशन. बोटांकडे जाणारी जवळजवळ प्रत्येक गाडी इथून जाते. इथे लाइन बंद केली की दंडापासून बोटांपर्यंत सगळं ठप्प.

पण लाइन बंद करायला औषध हवं. ते सापडलं १८८४ साली, व्हिएन्नात. कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब टाकून डोळा बधिर होतो हे दाखवलं. हायडेलबर्गच्या परिषदेला जायला त्याच्याकडे गाडीभाड्याचे पैसे नव्हते, म्हणून त्याचा निबंध दुसऱ्याने वाचला. बातमी मात्र काही आठवड्यांत अमेरिकेला पोचली. न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉलस्टेड आणि त्याचे सहकारी हेच औषध सुईने थेट मज्जातंतूंत टोचू लागले. प्रयोग कुणावर? स्वतःवर आणि एकमेकांवर. कोकेनचं व्यसन लागतं हे तेव्हा कुणाला नीट ठाऊक नव्हतं. त्यातल्या कित्येकांची कारकीर्द धुळीला मिळाली. हॉलस्टेड मोठा सर्जन झाला, ऑपरेशनमध्ये रबरी हातमोजे वापरण्याची प्रथा त्याच्यामुळे रुळली, पण व्यसनाने त्याला शेवटपर्यंत सोडलं नाही. कोकेन सुटावं म्हणून दिलेलं मॉर्फिन त्याच्या मागे लागलं. आज आम्ही बिनधास्तपणे जी सुई उचलतो, तिची किंमत या माणसांनी मोजलेली आहे.

सुरुवातीला हाताच्या तंतूंपर्यंत पोचायला मान चक्क कापून उघडावी लागे. म्हणजे एका ऑपरेशनची भूल देण्यासाठी दुसरं ऑपरेशन! पुढे आइनहॉर्न या रसायनशास्त्रज्ञाचं नोव्होकेन आलं, कोकेनपेक्षा पुष्कळ सुरक्षित. १९०८ मध्ये बर्लिनच्या आउगुस्ट बीअरने वेगळीच युक्ती काढली. हात घट्ट पट्ट्याने आवळायचा आणि औषध शिरेत सोडायचं. ही 'बीअर्स ब्लॉक' आजही छोट्या ऑपरेशनला चालते. मग १९११ साल उजाडलं. जर्मनीत हिर्शेलने त्वचेतून काखेत सुई घालून हात बधिर केला आणि त्याच वर्षी कुलेनकाम्फने कॉलर बोनच्या वरून. या कुलेनकाम्फने पहिला प्रयोग स्वतःवर केला. बोटाने रोहिणीचे ठोके शोधायचे, त्यांच्या शेजारी सुई घालायची आणि हातात वीज चमकल्यासारख्या मुंग्या आल्या की थांबायचं. सोपं, जलद आणि परिणाम उत्तम.

धोका एकच. पहिल्या बरगडीच्या आतच फुप्फुसाचं टोक असतं, आणि ते वाटतं त्यापेक्षा वर असतं.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. खरं कळलं ते १९८९ साली, मुंबईत निवासी डॉक्टर असताना. प्रेस मशिनमध्ये बोटं सापडलेला एक कामगार आला होता. मी कुलेनकाम्फच्या पद्धतीने सुई घातली. मुंग्या आल्या नाहीत. दिशा बदलली. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा सुई जरा जास्त आत गेली आणि तो खोकला. नंतर मुंग्या आल्या, हात सुन्न झाला, ऑपरेशन छान पार पडलं आणि मी खूश. रात्री वॉर्डातून निरोप आला, पेशंटला धाप लागली आहे. एक्स-रेमध्ये फुप्फुस मिटलेलं दिसत होतं. छातीत नळी घालावी लागली. चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्याच्या खाटेपाशी जात होतो. तो मला म्हणे, "डॉक्टर, तुमीच घाबरलाय जास्त." त्याचं फुप्फुस पूर्ववत झालं. पण त्यानंतर बरीच वर्षं मी कॉलर बोनच्या वर सुई लावली नाही, काखेतूनच काम भागवत राहिलो. आमच्या पिढीतल्या अनेकांनी हेच केलं. उत्तम पद्धत केवळ भीतीपोटी बाजूला पडली होती.

दरम्यान औषधं सुधारत होती. स्वीडनमध्ये लोफग्रेन आणि लुंडक्विस्ट यांनी १९४३ मध्ये लिग्नोकेन तयार केलं (लुंडक्विस्टनेही ते स्वतःला टोचून पाहिलं, या मंडळींना दुसरं गिनीपिग मिळतच नसे). ते १९४८ मध्ये बाजारात आलं. आपल्या दोह्यात रुमैला हॉस्पिटल १९५७ साली सुरू झालं, म्हणजे तेव्हा या औषधाला जेमतेम नऊ वर्षं झाली होती. हमद जनरल उघडलं १९८२ मध्ये. १९६० नंतर मज्जातंतू शोधायला विजेचं छोटं यंत्र आलं. पेशंटच्या मुंग्यांवर अवलंबून राहायला नको, योग्य जागी सुई पोचली की बोटं आपोआप उडतात. तरीही सुई आंधळीच होती. फुप्फुस कुठे आहे ते यंत्र सांगत नसे.

तिला डोळे मिळाले ते पुन्हा व्हिएन्नातच. कोलरनंतर बरोबर ११० वर्षांनी, १९९४ मध्ये, काप्राल आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत कॉलर बोनच्या वरची ही ब्लॉक दिली. मी कतारमध्ये १९९८ साली आलो आणि हे तंत्र शिकायला मला आणखी दहा वर्षं लागली. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान सहकाऱ्याकडून शिकलो. पडद्यावर रोहिणी काळ्या वर्तुळासारखी धडधडते, तिला चिकटून द्राक्षांच्या घोसासारखे मज्जातंतू, खाली बरगडीची पांढरी रेघ आणि तिच्या बाजूला श्वासाबरोबर सरकणारी चकाकती कड. ते फुप्फुस. पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला तो १९८९ चा कामगार आठवला. केवढंसं अंतर होतं ते!

काही वर्षांपूर्वी, एका गुरुवारी रात्री, इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमधून एक जण आला. उजव्या पंजाला ग्राइंडर लागला होता. नुकताच पोटभर भात जेवलेला, त्यामुळे पूर्ण भूल देणं जोखमीचं. पोटातलं श्वासनलिकेत जाण्याची भीती. कागद पाहिला तर गाव सोलापूर. मराठीत बोललो तशी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिला प्रश्न, "साहेब, हात राहील न्हवं? घरी पैसं मीच पाठवतो." दुसरा, "बेशुद्ध करू नका, उठलोच न्हाई तर?"

पडदा त्याच्याकडे वळवून मी त्याला त्याचे मज्जातंतू दाखवले. सुई घातली, औषध पसरताना दिसलं. वीस मिनिटांत हात सुन्न. पुढचे तीन तास सर्जन स्नायुबंध जोडत होते आणि आम्ही हुरड्यापासून सिद्धेश्वराच्या गड्ड्यापर्यंत गप्पा मारत होतो. मधेच म्हणाला, "साहेब, हात वर का धरून ठेवलाय माझा?" हात तर केव्हाच बाजूच्या फळीवर आडवा ठेवलेला होता. असं होतं, हात बधिर होताना ज्या स्थितीत असतो, तीच मेंदूच्या लक्षात राहते.

पहाटे मी त्याला बघायला गेलो. तो टक्क जागा होता, पट्टी बांधलेला हात उशीवर. डाव्या हाताने उजव्याची बोटं चाचपत म्हणाला, "अजून दुसऱ्याचाच वाटतोय." दुपारी नर्सचा फोन आला, सोलापूरवाल्याचा अंगठा हलला आणि आता तो दुखतंय म्हणून ओरडतोय.