विमान आलं, पण आवलीचं काय?

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला पुनर्जन्म मानावाच लागतो. बुडीत म्हणून आपण रडून मोकळे झालेलं कर्ज दुसऱ्या नावाने, दुसऱ्या जामीनदारासह पुन्हा जन्म घेऊन आलेलं आम्ही दर मार्चला पाहतो. तेव्हा कॉमर्सच्या पदवीधराने अध्यात्मावर बोलू नये, असं कुणी म्हणू नये. राहता राहिलं विज्ञान. ते आम्ही थेटरात शिकलो. आणि थेटरातलं विज्ञान बारकाईने पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं, की या खात्यावरच्या बऱ्याचशा रकमा देवळाच्या खात्यातून वर्ग झालेल्या आहेत.

सावेडीत संध्याकाळी गुलमोहर रोडने फिरणाऱ्या निवृत्त मंडळींत एक मास्तर आहेत. त्यांच्या मते या रकमा वर्ग झालेल्या नसून सरळ चोरीला गेलेल्या आहेत. "हे सगळं आपल्याकडे होतंच!" हे त्यांचं पालुपद. मी एकदा विचारलं, "मास्तर, पुष्पक विमान होतं, अग्न्यस्त्र होतं, मग एस.टी. का नव्हती?"

"गरज काय होती? लोक पायी वारी करायचे," मास्तर शांतपणे म्हणाले.

अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा त्याचं पासबुक भरून देणं सोपं. पण डबल एंट्री शिकलेल्याला स्वस्थ बसवत नाही. जमा दिसली की तो नावे शोधतो. म्हणून मी खतावणी उघडली.

पहिली नोंद दादासाहेब फाळक्यांची. १९१०-११च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळक्यांना दिसत होते राम आणि कृष्ण. म्हणजे आपल्या पौराणिक सिनेमाचं भांडवलच मुळी उसनवारीचं. (हे मी मास्तरांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना रक्तदाब आहे.) फाळके जादूचे प्रयोगही करीत आणि आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केल्फा' म्हणवून घेत. तिकडे फ्रान्समधला मेलिएस हाही जादूगारच. त्याने १९०२ साली कॅमेऱ्याच्या करामतीने माणसं चंद्रावर धाडली. फाळक्यांनी १९१७ साली 'लंकादहन'मध्ये मारुती उडवला. हातचलाखी तीच, पण पहिल्याला विज्ञानपट म्हणायचं आणि दुसऱ्याला पौराणिक. 'लंकादहन'चा गल्ला बैलगाडीत घालून न्यावा लागला असं सांगतात. ती चिल्लर मोजत बसलेल्या कुणा अनामिक कारकुनासाठी माझे हात आपोआप जोडले जातात.

दुसरी नोंद १९३६ सालची. प्रभातचा 'संत तुकाराम'. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, तुकाराम विष्णुपंत पागनीस. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षाहून जास्त चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत निवडला गेला. शेवटी गरुडाच्या आकाराचं विमान उतरतं आणि तुकोबांना घेऊन वैकुंठाला जातं. प्रेक्षकांनी ते विमान पाहून हात जोडले. माझं लक्ष मात्र व्यवसायामुळे दुसरीकडे गेलं. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली अशी परंपरा आहे. कुठल्याही समितीच्या शिफारशीविना झालेली ही आपल्याकडची नामांकित कर्जमाफी! आमच्या खात्यात असं कुणी केलं असतं तर विमानाच्या आधी चौकशी अधिकारी आला असता.

पण त्या सिनेमात आणखी एक माणूस आहे. जिजाई, म्हणजे आपली आवली. गौरी नावाच्या नटीने ती अशी उभी केली आहे की बघत राहावं. पोर आजारी पडतं तेव्हा ही बाई पायातली वहाण हातात घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला देवळात शिरते. विमान येतं, नवरा वैकुंठाला जातो. आवली खालीच राहते. पोरांसह. हा मुद्दा आपण सस्पेन्स खात्यात ठेवू. पुढे लागणार आहे.

आता साल १९६८. कुब्रिक नावाच्या दिग्दर्शकाचा '२००१ : अ स्पेस ओडिसी'. त्यात माकडांच्या वस्तीत एके सकाळी एक काळा, उंच, गुळगुळीत दगड उभा असतो. माकडं घाबरतात, भोवती नाचतात, हळूच स्पर्श करतात आणि शहाणी होतात. समीक्षकांनी त्या दगडावर ग्रंथ लिहिले. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला ग्रंथाची गरज नाही. उघड्यावरचा काळा पाषाण, वर छप्पर नाही, समोर भ्यालेले जीव : अहो, हे तर शनिशिंगणापूर! फरक एवढाच, की कुब्रिकच्या दगडावर तेल वाहत नाहीत. आणि शहाणपणाचं म्हणाल तर आमचा पाषाणही कमी नाही. ज्या गावात घरांना दारं लावत नाहीत, तिथे २०११ साली युको बँकेने बिनकुलपाची शाखा उघडली. लॉकरच्या किल्लीसाठी रजेवरचा माणूस परत बोलावणाऱ्या आमच्या धंद्यात याहून मोठा चमत्कार मला माहीत नाही.

यानंतरची नोंद आमच्या अंगणातली आहे. २०२४ साली आमच्या शहराचं नाव अहिल्यानगर झालं, पण तोंडातून अजून 'नगर'च निघतं. तर या नगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की अरणगाव येतं. तिथे मेहेराबाद. पुण्यात १८९४ साली जन्मलेले मेरवान इराणी, म्हणजेच मेहेरबाबा, १० जुलै १९२५ पासून तिथे जे मौन धरून बसले ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत. बोलणं सगळं आधी मुळाक्षरांच्या पाटीवर, नंतर हातवाऱ्यांनी. असा न बोलणारा माणूस १९३२ साली हॉलिवूडला गेला, आणि ज्या गावाला बोलपट सुरू झाल्यापासून बोलण्याची धुंदी चढली होती, त्या गावाने मेरी पिकफर्डच्या बंगल्यावर त्याचं स्वागत केलं!

बाबांचा एक इंग्रज भक्त म्हणजे 'द हू' या वाद्यवृंदाचा पीट टाउनशेंड. त्याने १९७०-७१ साली 'लाइफहाउस' नावाच्या विज्ञानपटाचा घाट घातला. गोष्ट अशी : हवा इतकी बिघडलेली, की माणसं खास पोशाख घालून आपापल्या घरात पडून आहेत. एका जाळ्यातून त्यांना अन्न मिळतं आणि करमणूकही तिथूनच. संगीत विसरलेलं. मग एक जण सगळ्यांना जमवतो, प्रत्येकाच्या स्वभावातून त्याचा त्याचा सूर काढतो, ते सूर मिसळत मिसळत एकच सूर उरतो, आणि त्या सुरात माणसं नाहीशी होतात. म्हणजे मोक्ष. कल्पना अर्धी मेहेरबाबांकडची, अर्धी बडोद्यात जन्मलेल्या सूफी गायक इनायत खानांकडची. अडचण एवढीच झाली, की ही गोष्ट त्याच्या साथीदारांनाच कळेना. सिनेमा बारगळला.

पण बुडीत खात्यातूनही वसुली होते. १९७१च्या 'हूज नेक्स्ट' या तबकडीत त्यातली गाणी निघाली. पहिलंच गाणं 'बाबा ओ'रायली'. नावातले बाबा आमचे अरणगावचे, आणि रायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. गंमत पाहा, गाण्यात हे शब्द एकदाही येत नाहीत. मौनी बाबांचं नाव त्यांच्या गाण्यातही मौनच पाळतं! आणि माणसं घरात पडून जाळ्यातून करमणूक घेतात, ही पन्नास वर्षांपूर्वीची कल्पना खरी झाली का, हे पाहायला सावेडीतल्या कुठल्याही घरात रात्री नऊ वाजता डोकावावं. आमच्याकडे चार माणसं आणि पाच मोबाइल आहेत.

आता १९७७. स्पीलबर्गचा 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड'. त्यात हिंदुस्थानातली शेकडो माणसं बसून आकाशातून ऐकू आलेले पाच सूर भजनासारखे आळवतात. सिनेमात ती जागा उत्तरेतली धरमशाला. प्रत्यक्षात शूटिंग झालं तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, खालापूरजवळच्या हाळ गावी. "हा आवाज कुठून आला?" असं शास्त्रज्ञ विचारतात आणि सगळ्यांची बोटं एकदम वर जातात. कर्ज का नामंजूर झालं असं विचारल्यावर शाखाधिकारी जे बोट दाखवतो, हुबेहूब तेच.

पण खरी गोष्ट आहे अमेरिकेतल्या एका लाइनमनची. त्याला आकाशातलं तेज दिसतं आणि वेड लागतं. ताटातल्या बटाट्याचे डोंगर करू लागतो, नोकरी जाते. बायको पोरांना घेऊन बहिणीकडे निघून जाते. शेवटी दिव्यांनी झगमगलेलं यान उतरतं, लाइनमन त्यात चढतो. संगीत टिपेला जातं. संपलं.

इथे मी सस्पेन्स खातं उघडतो. हा तर सरळ देहूचा प्रसंग! वेड तेच, हाकही तीच आणि विमानही तेच. मग कमी काय आहे? आवली. लाइनमनच्या बायकोला स्पीलबर्गने बहिणीच्या घरी पाठवून दिलं, म्हणजे निरोपाच्या वेळी मध्ये यायला नको. दामले-फत्तेलालांनी आवलीला अखेरपर्यंत अंगणात उभी ठेवली. पुढे बाप झाल्यावर स्पीलबर्गनेच सांगितलं, की आता तो सिनेमा काढला तर मी त्या माणसाला पोरं सोडून जाऊ देणार नाही. जे प्रभातला १९३६ साली ठाऊक होतं, ते कळायला हॉलिवूडला पोरं व्हावी लागली.

त्यानंतरही रकमा वर्ग होतच आहेत. २००३ साली 'मेट्रिक्स'च्या तिसऱ्या भागाच्या शेवटी उपनिषदातले संस्कृत मंत्र वाजले. २००९ साली जेम्स कॅमरूनने निळ्या अंगाची माणसं आणि 'अवतार' हा शब्दच उचलला. (आमच्या पिढीला 'अवतार' म्हणजे १९८३चा राजेश खन्ना. तो मेकॅनिक होता. म्हणजे विज्ञान त्यातही होतं.) विमान उचललं, सूर उचलला, मंत्र उचलला. एवढ्या उचलेगिरीत आवलीला मात्र अजून कुणी हात लावलेला नाही.

सावेडीच्या रस्त्यावर उभं राहून विचार केला की वाटतं, आमच्या जिल्ह्यातल्या संतांसाठी कधी विमान आलं नाही तेच बरं झालं. ज्ञानेश्वरांनी नेवाशाला ज्या खांबाला टेकून १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, तो खांब अजून जमिनीतच रोवलेला आहे. मेहेरबाबांनी १९३६ सालीच, म्हणजे प्रभातचं विमान उडालं त्याच वर्षी, राहुरीला वेड्यांसाठी आश्रम काढला आणि त्यांना स्वतःच्या हाताने आंघोळी घातल्या. आंघोळीचं पाणी तापवायला विमान लागत नाही. माणूस जागेवर असावा लागतो.

म्हणून पुढचा विज्ञानपट काढणाऱ्या देशी-विदेशी निर्मात्यांना एका कारकुनाची विनंती आहे. विमान जरूर आणा, दिवे लावा, पाच काय पंचवीस सूर वाजवा. फक्त ते उडालं की कॅमेरा थोडा वेळ खाली, अंगणातच राहू द्या. वर गेलेल्याचं खातं बंद होतं हो. हप्ते खाली राहिलेल्यालाच भरावे लागतात.