चेहऱ्याचे भिंग



जुन्या घरात भिंतीवर टांगलेला पणजोबांचा फोटो तुम्ही पाहिला असेल. डोक्यावर पगडी, हात गुडघ्यांवर, आणि मुद्रा अशी की जणू कोर्टात साक्षीला बसले आहेत! त्या काळची माणसे हसत नसत असे थोडेच आहे? पण फोटोसाठी हलायचे नाही, ही शिस्त फोटोच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेली होती. ती का चिकटली आणि कोणी सैल केली, ते आज सांगतो. चेहऱ्यासाठी कोणते भिंग निवडावे, याचे उत्तरही त्यातच मिळेल.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर याची कृती जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटू लागले. घरे, पुतळे छान येत. माणूस मात्र काही केल्या नीट येईना. कारण त्या कॅमेऱ्याचे भिंग देखाव्यासाठी केलेले होते. चित्र स्वच्छ यावे म्हणून त्याचे तोंड बारीक ठेवावे लागे. त्यातून उजेड थोडाच आत शिरे, म्हणून भर उन्हातही कित्येक मिनिटे थांबावे लागे. एवढा वेळ मान न हलवता बसायचे कसे? मग डोक्याला मागून लोखंडी चिमट्याचा आधार देत. फोटो कसला, शिक्षाच ती!

तुम्ही म्हणाल, भिंगाचे तोंड मोठे करायचे होते. पण तेच तर अवघड. तोंड रुंद केले की कडेने येणारे किरण मधल्या किरणांशी एका ठिकाणी मिळत नाहीत आणि चित्र पुसट होते. एका काचेचा दोष दुसऱ्या काचेने खोडावा लागतो. कोणत्या काचेला किती गोलाई द्यावी, हे अंदाजाने ठरत नाही. त्याला गणित लागते.

ते गणित मांडले व्हिएन्ना विद्यापीठातील योझेफ पेट्झवाल या प्राध्यापकाने. त्याचा जन्म १८०७ सालचा, आजच्या स्लोव्हाकियातल्या एका लहान गावातला. हिशेब इतके किचकट की ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातली आकडेमोडीत तरबेज माणसे त्याच्या मदतीला देण्यात आली. तोफगोळ्याचा पल्ला मोजणारे हात चेहऱ्याच्या भिंगासाठी राबले! १८४० साली चार काचांचे भिंग सिद्ध झाले. फोइग्टलेंडर या कारखानदाराने ते घडवले. आधीच्या भिंगांपेक्षा त्यातून पंधरा-वीस पट उजेड आत येई. मिनिटांचे काम चांगल्या उजेडात सेकंदांवर आले.

या भिंगात एक खोड होती, बरं का. चित्र मध्यभागी रेखीव आणि कडेला पुसट येई. डोंगराच्या देखाव्याला हा दोषच. पण चेहरा मध्येच असतो. डोळे स्पष्ट आले, मागची भिंत विरघळली, तर बिघडले कुठे? म्हणून पुढे कित्येक वर्षे स्टुडिओवाल्यांनी हेच भिंग पसंत केले.

पेट्झवालच्या पदरात काय पडले? एकदाच दिलेले दोन हजार गुल्डन. पुढे भिंगे हजारोंनी खपली आणि दोघांत वितुष्ट आले. १८५९ साली त्याच्या घरी चोरी झाली, त्यात भिंगांवरची हस्तलिखिते गेली. त्यानंतर त्याने या विषयाला हात लावला नाही. १८९१ साली तो वारला.

आता आपल्याकडे वळू. आज फोन खिशात असतो आणि शाळेत ओळखपत्रासाठी मुलांचे फोटो गुरुजी-बाईच काढतात. मग मूल म्हणते, ‘माझं नाक एवढं मोठं आहे का हो?’ नाही, बाळ, कॅमेरा फार जवळ होता! नाकापासून ३० सेंटिमीटरवर फोन धरला, तर कान सुमारे ४० सेंटिमीटरवर राहतात. जवळचे मोठे दिसते, म्हणून नाक फुगते. तेच दोन मीटर मागे गेलात, तर २०० आणि २१० यांत फरक तो किती?

म्हणून चेहऱ्यासाठी असे भिंग घ्यावे की दीड-दोन मीटरवरून चेहरा चौकटीत भरेल. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याला ते ८५ ते १०५ मिलिमीटरचे असते. फोनमध्ये लांब पल्ल्याचे दुसरे भिंग असेल तर ते वापरा. नसेल तर मागे सरका आणि नंतर कडा कातरा. मुलाला उन्हाकडे तोंड करून उभे करू नका, सावलीच्या उजेडात दाराशी बसवा.

पेट्झवालने भिंग बदलले, ते समोरच्या माणसाला चिमट्यात धरावे लागू नये म्हणून. फोटो काढताना आपणही तेवढे सांभाळले, तर वर्गातल्या बुजऱ्या पोरालाही आपला चेहरा आवडेल.