उन्हाळ्यात नागपूरहून पेंच, कान्हा, नवेगाव आणि ताडोबा: गाडीने जंगल सहलीचे नियोजन कसे करतात?

शाळांना सुट्ट्या लागल्या की नागपूरच्या आसपासच्या जंगलांकडे गाड्यांची रांग लागते. पेंच, कान्हा, नवेगाव आणि ताडोबा ही चार राष्ट्रीय उद्याने एका गोल मार्गात बसतात. वाटेतली वळणे धरून हा फेरा साधारण ८०० ते ९०० किलोमीटरचा होतो आणि त्याला आठ-नऊ दिवस पुरतात.

मात्र यात नेहमी एक चूक होते. आधी हॉटेल घेतले जाते, मग सुट्टी टाकली जाते आणि सफारीचे बुकिंग शेवटी पाहिले जाते. जंगलाच्या सहलीत क्रम याच्या उलट असतो. आधी सफारीचा परवाना, मग मुक्काम आणि सगळ्यात शेवटी रस्ता.

एवढ्या उन्हात जंगलात का जातात?

ताडोबा आणि पेंच ही पानगळीची जंगले आहेत. एप्रिल-मेपर्यंत साग आणि इतर झाडांची पाने गळतात आणि गवत वाळते, त्यामुळे लांबपर्यंतचे दिसते. नाले आटतात. वाघांसह सगळे प्राणी उरलेल्या पाणवठ्यांवर येतात. म्हणूनच वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून प्राणी पाहण्याची पद्धत महाराष्ट्रात आहे.

कान्हाचे जंगल वेगळे आहे. तिथे सालवृक्ष उन्हाळ्यातही हिरवे असतात आणि मधे मोठी कुरणे आहेत. बारशिंगा पाहायचा तर तो इथेच.

उशीर करून चालत नाही, कारण १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात गाभा क्षेत्र पर्यटकांसाठी बंद असते. पाऊस लवकर आला तर जूनमध्येही काही रस्ते बंद होऊ शकतात.

परवाना उद्यानाचा नव्हे, गेटचा असतो

परवान्यावर तारीख, सकाळ किंवा दुपारची फेरी आणि गेटचे नाव असते. दुसऱ्या गेटवर तो चालत नाही. नेमका इथेच गोंधळ होतो.

• पेंच दोन राज्यांत आहे. सिल्लारी आणि खुर्सापार ही गेटे महाराष्ट्रात, तर तुरिया मध्य प्रदेशात. दोन्हीकडचे बुकिंग वेगवेगळे होते.
• कान्हात खटिया आणि मुक्की ही गेटे उद्यानाच्या दोन टोकांना आहेत.
• ताडोबात मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला, तर कोलारा चिमूरच्या बाजूला आहे. मुक्काम एकीकडे आणि पहाटेची सफारी दुसरीकडे असेल, तर रात्रीच गाडी काढावी लागते.
• ‘नवेगाव’ नावाचे राष्ट्रीय उद्यान गोंदिया जिल्ह्यात आहे आणि ताडोबाच्या एका गेटचे नावही नवेगावच आहे. बुकिंग करताना जिल्हा पाहून घ्यावा.

प्रत्येक गेटवर एका फेरीला ठरावीक गाड्याच सोडतात. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातले पर्यटन काही काळ थांबवले होते. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते पुन्हा सुरू झाले आणि पर्यटनाचे क्षेत्र गाभ्याच्या २० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवण्याचे ठरले. त्यामुळे मे महिन्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा फार लवकर भरतात.

बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावे. मध्य प्रदेशासाठी ते एमपी ऑनलाइनवर होते. समाजमाध्यमांवर ‘हमखास जागा’ देणाऱ्या अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवू नयेत. बुकिंगमध्ये दिलेले ओळखपत्रच गेटवर मूळ प्रतीत दाखवावे लागते. परवाना, जिप्सी आणि गाइड यांचे पैसे काही ठिकाणी एकत्र, तर काही ठिकाणी वेगळे घेतात. रक्कम भरण्यापूर्वी हे वाचून घ्यावे.

सुट्टीचा वार पाहून दिवस बसवणे

ताडोबा मंगळवारी बंद असते. मध्य प्रदेशातल्या उद्यानांत बुधवारी दुपारची सफारी नसते. नवेगाव आणि महाराष्ट्रातल्या पेंचच्या सुट्टीचा वार बुकिंगच्या वेळी तपासावा. हे धरून गुरुवारी निघाल्यास आखणी अशी होते:

• गुरुवार: नागपूर ते तुरिया, सुमारे ९० किलोमीटर. मुक्काम.
• शुक्रवार: पेंचमध्ये सकाळची सफारी, दुपारी विश्रांती.
• शनिवार: सिवनी, नैनपूरमार्गे कान्हाचे खटिया गेट, सुमारे २०० किलोमीटर.
• रविवार: सकाळ किंवा दुपारची सफारी.
• सोमवार: सकाळची सफारी, नंतर मुक्कीच्या बाजूला मुक्काम.
• मंगळवार: बैहर, बालाघाट, गोंदिया, कोहमारा या रस्त्याने नवेगावबांध.
• बुधवार: सकाळी नवेगाव, नंतर वडसा, ब्रह्मपुरी, नागभीडमार्गे ताडोबा.
• गुरुवार: ताडोबात सफारी.
• शुक्रवार: सकाळची सफारी करून नागपूर.

या आखणीत मंगळवार प्रवासात जातो आणि ताडोबाचे दिवस आठवड्याच्या मधे येतात. त्या वेळी गर्दी कमी असते आणि ताडोबाचे दरही शनिवार-रविवारपेक्षा कमी असतात.

नवेगावला वाघासाठी कमी आणि तलावासाठी जास्त लोक जातात. कोहळी समाजाने बांधलेल्या जुन्या तलावांपैकी हा एक. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांच्या पुस्तकांमुळे नवेगावबांध मराठी वाचकांच्या ओळखीचे आहे. सलग सफारींनी थकलेल्यांना इथे एक निवांत दिवस मिळतो.

ऊन ही खरी अडचण

मे महिन्यात चंद्रपूर-नागपूर भागात पारा ४५ अंशांच्या वर जातो. स्वतःची गाडी गाभा क्षेत्रात नेता येत नाही. सफारी उघड्या जिप्सीतून होते आणि ती साधारण चार तास चालते. घरात वयस्कर माणसे किंवा लहान मुले असतील, तर दुपारच्या फेऱ्या टाळून सकाळच्या घ्याव्यात. रोज दोन सफारी करण्याचा हट्ट धरू नये.

डोके-कान झाकणारा सुती दुपट्टा, भरपूर पाणी आणि ओआरएसची पाकिटे प्रत्येकाजवळ असावीत. ताक, कैरीचे पन्हे वाटेत मिळतेच. अंग तापून बोलण्यात असंबद्धता आली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अशा माणसाला सावलीत न्यावे, अंगावर पाणी टाकून वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. उभ्या गाडीत मुलांना पाच मिनिटेही ठेवू नये.

निघण्यापूर्वी गाडीचे कूलंट, बॅटरी, एसी आणि स्टेपनी तपासून घ्यावी. टायरची हवा सकाळी टायर थंड असताना भरावी. लांबचा प्रवास पहाटे सुरू करून अकरा-बाराच्या आत संपवावा. डिझेल-पेट्रोल सिवनी, बालाघाट, गोंदिया अशा मोठ्या गावांत भरून घ्यावे.

रस्ताही जंगलातूनच जातो

नागपूर-सिवनी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तिथे प्राण्यांना खालून जाता यावे म्हणून रस्ता काही ठिकाणी उंच पुलांवर नेला आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत त्या पुलांखालून जाणारे वाघही टिपले गेले आहेत. इतर रस्त्यांवर मात्र अशी सोय सगळीकडे नाही. त्यामुळे संध्याकाळनंतर जंगलपट्ट्यात गाडी चालवणे टाळावे. चालवावीच लागली तर वेग कमी ठेवावा. एक चितळ रस्ता ओलांडून गेले की मागे आणखी असतात.

मोबाइल आणि फोटो

ताडोबात सफारीच्या वेळी मोबाइल वापरता येत नाही. इतर उद्यानांतही गेटवर नियम विचारून घ्यावा. फोटो काढायचा असेल तर कॅमेरा लागतो आणि त्याचे शुल्क वेगळे असू शकते. वाघ दिसल्याची जागा लगेच समाजमाध्यमांवर टाकू नये. त्याने एकाच जागी गाड्यांची गर्दी होते आणि वाघाची वाट अडते.

सगळे नीट जुळले तरी वाघ दिसेलच असे नाही. चार उद्यानांत मिळून पाच-सहा सफारी धरल्या तर शक्यता वाढते, एवढेच. रानगवा, अस्वल, रानकुत्री, पाणवठ्यावरचे पक्षी आणि कान्हाचे बारशिंगे यांच्यासाठीही डोळे उघडे ठेवले, तर कोणतीही फेरी वाया जात नाही.